तांबड्या समुद्राचे उघडणे आणि अटलांटिस-२ डीपमधील धातुसाठा : एक प्रकरण अभ्यास

सौदी अरेबियातील जेद्दा आणि सुदानमधील पोर्ट सुदान या दोन बंदरांच्या साधारण मधोमध, तांबड्या समुद्राच्या तळावर, सुमारे ६० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा एक डोह आहे. त्याचा तळ समुद्रपृष्ठापासून दोन हजार मीटरहून अधिक खोल असून नकाशांवर त्याची नोंद ‘अटलांटिस-२ डीप’ अशी केलेली असते. या डोहात लाल, काळ्या, हिरवट आणि पिवळसर रंगांच्या पातळ थरांचा मऊ गाळ साचलेला आहे आणि त्याची जाडी सर्वसाधारणपणे १० ते ३० मीटर भरते. पाणी आणि मीठ वजा केल्यावर या गाळाचे वजन सुमारे ९ कोटी टन होते. त्यात जस्ताचे प्रमाण सुमारे २ टक्के, तांब्याचे अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर, चांदीचे टनामागे ४० ग्रॅमच्या आसपास आणि सोन्याचे टनामागे सुमारे अर्धा ग्रॅम आहे. याचा अर्थ तेथे १८ लाख टनांच्या घरात जस्त आणि ४ लाख टन तांबे पडून आहे. आजच्या समुद्रतळावर ज्ञात असलेल्या सल्फाइडयुक्त (धातू आणि गंधक यांच्या संयुगांच्या) धातुसाठ्यांमध्ये हा सर्वांत मोठा मानला जातो.

तांबडा समुद्र दोन हजार किलोमीटरहून अधिक लांब आहे आणि त्याच्या मध्यअक्षावर असे दोन डझनांच्या आसपास डोह आहेत. तरीही आर्थिकदृष्ट्या विचारात घ्यावा असा साठा एकाच डोहात का तयार झाला, हा या प्रकरणातला मुख्य प्रश्न आहे. त्याचे नेहमीचे उत्तर असे दिले जाते की, खोरे उघडताना, म्हणजे दोन बाजूंचे भूभाग एकमेकांपासून दूर जाताना, तप्त शिलारस वर येतो, तो समुद्राचे पाणी तापवतो आणि ते तापलेले पाणी खडकातील धातू विरघळवून तळावर आणून सोडते. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे, कारण उष्णता तर जगातील हजारो किलोमीटर लांबीच्या समुद्री पर्वतरांगांवर सर्वत्र उपलब्ध आहे. तांबड्या समुद्रात निर्णायक ठरला तो खोरे उघडण्याच्या टप्प्यांचा क्रम. आधी जमीन खचली, मग त्या खचलेल्या भागात मीठ साचले आणि त्यानंतर त्या मिठाच्या पोटातून बेसॉल्ट, म्हणजे शिलारस थिजून बनणारा काळा खडक, वर आला. हा क्रम उलटा असता, किंवा यातला मधला टप्पा घडला नसता, तर आज या ठिकाणी गरम पाण्याचे झरे आणि थोडाफार लोहयुक्त गाळ यांपलीकडे फारसे काही सापडले नसते.

या डोहाचा शोध एका अर्थाने योगायोगाने लागला. ‘अल्बाट्रॉस’ या स्वीडिश संशोधन नौकेला १९४८ मध्येच तळाजवळचे पाणी अपेक्षेपेक्षा उष्ण व खारट असल्याचे आढळले होते, परंतु तेव्हा ती नोंद तशीच राहिली. पुढे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या नौकांनी तिथे थांबून मोजमापे घेतली. ब्रिटिश ‘डिस्कव्हरी’ने १९६४ मध्ये सुमारे ४४ अंश सेल्सिअस तापमानाचे लवणजल नोंदवले, जर्मन ‘मीटिओर’नेही त्याच सुमारास नमुने घेतले आणि १९६५ मध्ये अमेरिकेतील वुड्स होल संस्थेच्या ‘अटलांटिस-२’ या नौकेला शेजारच्याच डोहात ५६ अंशांचे पाणी सापडले. त्यानंतर १९६६ मध्ये ‘चेन’ ही नौका खास याच कामासाठी तेथे गेली आणि तिने गाळाचे उभे गाभानमुने वर काढले. (याच हिंदी महासागर मोहिमेतून पुढे भारतात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. जानेवारी १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे.) पूर्व प्रशांत महासागरातील ‘काळी धुरांडी’, म्हणजे समुद्रतळावर काळपट उष्ण पाणी ओकणारे झरे, १९७९ मध्ये प्रथम दिसली, हे ध्यानात घेतले तर तांबड्या समुद्रातील शोधाचे महत्त्व कळते. समुद्रतळावर धातुसाठा प्रत्यक्ष तयार होत असताना पाहण्याची संधी भूवैज्ञानिकांना येथे सर्वप्रथम मिळाली, आणि तीही भूपट्ट विवर्तनाचा (भूकवचाचे मोठे तुकडे सतत सरकत असतात असे सांगणारा) सिद्धांत अजून सर्वमान्य व्हायचा होता अशा काळात.

आता खोऱ्याच्या उघडण्याकडे वळू. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आजच्या इथिओपिया आणि येमेनच्या प्रदेशात प्रचंड प्रमाणावर बेसॉल्टी लाव्हा बाहेर पडला आणि त्यानंतर काही दशलक्ष वर्षांत अरबस्तान आफ्रिकेपासून अलग होऊ लागला. भूकवच ताणले गेले, पातळ झाले आणि दोन्ही बाजूंना प्रस्तरभंगांच्या (खडक तुटून सरकलेल्या भेगांच्या) पायऱ्या पडून मधला पट्टा खाली बसला. ही लांबट खचदरी आरंभी उत्तरेकडून भूमध्य समुद्राशी जोडलेली होती, दक्षिणेकडील बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी मात्र आजच्यासारखी खुली नव्हती. मायोसीन कालखंडाच्या (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा काळ) मध्यापासून पुढे या दरीत पाणी अपुरे येई आणि बाष्पीभवन जोरात चाले, त्यामुळे अनॅहायड्राइट (कॅल्शियम सल्फेटचे खनिज) आणि सैंधव (खनिज मीठ) यांचे थर एकावर एक साचत गेले. काही ठिकाणी त्यांची जाडी तीन किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक आहे. सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी दक्षिणेकडून हिंदी महासागराचे पाणी मुक्तपणे आत आले, मिठाचे साचणे थांबले आणि त्यावर नेहमीचा सागरी गाळ बसू लागला. भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात मिठाचा माथा ठळक परावर्तक म्हणून आधीच दिसत होता. १९७२ मध्ये ‘ग्लोमार चॅलेंजर’ या नौकेने येथे छिद्रे पाडली, तेव्हा तो खरोखरच मायोसीन काळातील बाष्पनजन्य खडकांचा माथा असल्याचे सिद्ध झाले.

म्हणजे ज्या वेळी समुद्राच्या मधोमध नवे महासागरी कवच तयार होऊ लागले, त्या वेळी खोऱ्यात मिठाची जाड गादी आधीच अंथरलेली होती. मध्यअक्षावर भेग पडली, दोन्ही बाजूंचे मीठ दुभंगले आणि त्या फटीत बेसॉल्ट आला. आजही अटलांटिस-२ डोहाच्या काठावर मिठाचे थर उघडे पडलेले आहेत, तर तळाशी तरुण बेसॉल्ट आहे. समुद्राचे पाणी प्रस्तरभंगांच्या वाटांनी खाली झिरपते, वाटेत मीठ विरघळवते, बेसॉल्टच्या उष्ण भागापर्यंत पोहोचून दोनशे अंशांच्या वर तापते आणि पुन्हा डोहात येते. डोहाच्या खालच्या थरातील लवणजलात मिठाचे प्रमाण सुमारे २७ टक्के आहे. सर्वसाधारण समुद्रजलात ते साडेतीन टक्के असते.

क्षारतेच्या या फरकाचे दोन परिणाम आहेत आणि दोन्ही या साठ्याच्या मुळाशी आहेत. पहिला परिणाम रासायनिक आहे. जस्त, तांबे, शिसे आणि चांदी हे धातू पाण्यात क्लोराइडशी संयुगे बनवून विरघळलेले राहतात. क्लोराइड जितके जास्त, तितका जास्त धातू तेच पाणी वाहून नेऊ शकते, मात्र त्या पाण्यात विरघळलेले सल्फाइड कमी असले पाहिजे, नाहीतर धातू वाटेतच खडकाच्या फटींत बसून जातो. अटलांटिस-२च्या लवणजलात या दोन्ही अटी पूर्ण होतात. त्यातील लोह, मँगनीज आणि जस्त यांचे प्रमाण साध्या समुद्रजलाच्या हजारो पट आहे.

दुसरा परिणाम भौतिक आहे, आणि माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. मध्य अटलांटिक किंवा पूर्व प्रशांत महासागरातील काळ्या धुरांड्यांतून बाहेर पडणारे पाणी साधारण साडेतीनशे अंश तापलेले आणि समुद्राइतकेच खारट असते. म्हणून ते सभोवतालच्या थंड पाण्यापेक्षा हलके असते आणि तळापासून दोन-तीनशे मीटर उंच चढून प्रवाहांबरोबर पसरते. त्यात आलेल्या धातूंचा फार मोठा भाग अशा रीतीने महासागरात विखरून जातो आणि धुरांड्याच्या पायथ्याशी उरतो तो थोडासा हिस्सा. तांबड्या समुद्रात मात्र झऱ्यातून येणारे पाणी इतके खारट असते की तापलेले असूनही ते समुद्रजलापेक्षा जड ठरते. सरबताच्या पेल्यात न ढवळलेला साखरेचा पाक तळाशीच राहावा, तसे ते डोहात पडून राहते. डोहाच्या चारही बाजूंना उंचवटे असल्याने ते वाहून जाऊ शकत नाही. डोह भरून वाहू लागला तर थोडे लवणजल शेजारच्या चेन आणि डिस्कव्हरी या डोहांकडे उतरते, इतकेच. या थरात प्राणवायू नसतो, म्हणून तेथे बसलेले सल्फाइड गंजत नाही. वरच्या सीमेवर, जेथे लवणजल आणि प्राणवायूयुक्त समुद्रजल एकमेकांना भिडतात, तेथे लोह व मँगनीज ऑक्साइडांच्या रूपात खाली येतात आणि गाळातील लाल व काळे पट्टे बनवतात.

या बंदिस्तपणाचे मोल एका साध्या भागाकारातून कळते. बेसॉल्टवरचा हा धातुयुक्त गाळ सुमारे २५ हजार वर्षांत साचला असे त्याच्या कालमापनावरून मानले जाते. १८ लाख टन जस्ताला २५ हजारांनी भागले तर वर्षाला सरासरी ७० टनांच्या आसपास जस्त येते, म्हणजे जेमतेम काही मालट्रक भरतील इतके. झऱ्यांची ही आवक अजिबात अचाट नाही. फरक एवढाच की, येथे आलेले बहुतेक सगळे जस्त येथेच राहिले. मध्य अटलांटिकमधील ‘टॅग’ हा सल्फाइडचा टेकाडासारखा ढीग जगातील मोठ्या ढिगांपैकी एक समजला जातो. त्यात दीर्घकाळ, थांबून थांबून का होईना, उष्ण पाणी येत राहिले आहे आणि तरीही त्यातील सल्फाइड काही दशलक्ष टनांपलीकडे जात नाही.

पाणी कोठून आले, याविषयी आरंभी एक धाडसी मत पुढे आले होते. अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेग यांनी १९६६ मध्ये लवणजलातील ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे) प्रमाण मोजून दाखवले की, हे मूळचे समुद्राचेच पाणी आहे, शिलारसातून सुटलेले नव्हे. परंतु ते प्रमाण तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागातील पाण्याशी जुळत असल्याने, पाणी तेथून शिरून मिठाच्या थरांतून शेकडो किलोमीटर उत्तरेकडे आले असावे, असेही त्यांनी सुचवले. पुढील अभ्यासकांना इतक्या लांबच्या प्रवासाची गरज वाटली नाही. डोहाच्या काठावरचे मीठ आणि तळाचा उष्ण बेसॉल्ट यांतूनच सर्व काही समजावून सांगता येते, असे मत हळूहळू रूढ झाले. क्रेग यांचे मूळ मोजमाप मात्र टिकून राहिले. त्याच्या जोडीला लवणजलात हीलियम-३चे प्रमाण वातावरणातील प्रमाणाच्या कित्येक पट असल्याचे १९७०च्या दशकात आढळले, आणि हा वायू प्रावरणातून, म्हणजे भूकवचाखालच्या जाड थरातून, येतो. म्हणजे पाणी समुद्राचे, मीठ मायोसीनचे आणि उष्णतेबरोबर येणारा वायू प्रावरणाचा, असा तिहेरी हिशोब आहे. यांपैकी मीठ आणि प्रावरण या दोन बाजू एकाच ठिकाणी येण्यासाठी खोरे नेमक्या एका अवस्थेत असावे लागते.

ही अवस्था कोणती, हे इतर डोहांशी तुलना केल्यावर स्पष्ट होते. उत्तरेकडे शाबान आणि केब्रित या डोहांत लवणजल तितकेच खारट आहे, परंतु त्याचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. केब्रितमध्ये हायड्रोजन सल्फाइडचा उग्र दर्प आणि सल्फाइडची लहान धुरांडी आहेत, पण अटलांटिस-२शी तुलना करावी असा धातूंचा गाळ नाही. तेथे मीठ आहे, उष्णता नाही. १८ अंश उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेला परिस्थिती याच्या अगदी विरुद्ध आहे. तेथे समुद्रतळाचे प्रसरण (नवे कवच तयार होऊन तळ दोन्ही बाजूंना रुंदावणे) अखंडपणे चालू असून तळाच्या खडकात नोंदले गेलेले चुंबकीय पट्टे सुमारे ५० लाख वर्षांचा इतिहास दाखवतात. बेसॉल्ट भरपूर आहे, परंतु मिठाच्या कडा अक्षापासून दूर गेल्या आहेत आणि लवणजलाचे मोठे डोह तेथे नाहीत. अटलांटिस-२च्या अगदी शेजारचा डिस्कव्हरी डोह तर जास्तच बोलका आहे. दोहोंमधले अंतर फारच थोडे, मीठ तेच, पण त्याचे पाणी ४५ अंशांच्या आसपासच राहिले आहे आणि धातूंचा साठा किरकोळ आहे, कारण झरे शेजारच्या डोहात आहेत.

अटलांटिस-२ची उष्णता अजून ओसरलेली नाही. १९६५ मध्ये ५६ अंश असलेले खालच्या थराचे तापमान १९७०च्या दशकात ६० अंशांपलीकडे गेले आणि २००८ मध्ये ते ६८ अंशांच्या घरात नोंदवले गेले. इतक्या कमी काळात इतकी वाढ होण्यासाठी झऱ्यांचा पुरवठा जोमदार असला पाहिजे. मात्र गाळाचे थर पाहता हा पुरवठा नेहमी सारखा नव्हता. सल्फाइडने भरलेले थर आणि ऑक्साइडांचे थर आलटून पालटून येतात. मधला ऑक्साइडांचा जाड थर असे सुचवतो की, काही काळ लवणजलाचा थर पातळ पडला होता किंवा प्राणवायू खालपर्यंत पोहोचत होता.

आतापर्यंत मांडलेल्या चित्राला एक मोठा आक्षेप २०२१ मध्ये पुढे आला. पारंपरिक समजुतीप्रमाणे दक्षिणेत प्रसरण पूर्ण सुरू झाले आहे, मध्यभागी ते डोहांच्या स्वरूपात तुटक तुटक चालू आहे आणि उत्तरेत अजून फक्त खचदरीच आहे. भूवैज्ञानिक निको ऑगुस्टिन व सहकाऱ्यांनी समुद्रतळाची उंचसखल मापे आणि गुरुत्वाकर्षणाच्या नोंदी एकत्र वाचून असे मांडले की, महासागरी कवच जवळपास संपूर्ण तांबड्या समुद्राखाली सुमारे १.३ कोटी वर्षांपासून तयार होत आहे. डोहांच्या मधल्या भागात ते दिसत नाही, कारण दोन्ही बाजूंचे मीठ हिमनदीसारखे सावकाश वाहत येऊन त्यावर पसरले आहे. हे मत सर्वांनी स्वीकारलेले नाही, पण मिठाचे प्रवाह अक्षाकडे उतरत असल्याचे बहुशलाका ध्वनिमापनाच्या (ध्वनिलहरींनी तळाची खोली मोजून काढलेल्या) नकाशांवर स्पष्ट दिसते.

हा आक्षेप खरा ठरला तरी धातुसाठ्याविषयीचा युक्तिवाद कोसळत नाही, मात्र त्याचे शब्द बदलतात. प्रसरण किती वर्षांपूर्वी सुरू झाले याला तितके महत्त्व उरत नाही. महत्त्व उरते ते मिठाची कड आणि उष्ण अक्ष यांतील अंतराला. मीठ अक्षावर पूर्ण पसरलेले असेल तर उष्ण पाण्याला तळावर मोकळी वाट मिळत नाही, ते फार दूर हटलेले असेल तर पाण्याला पुरेसे मीठ मिळत नाही. या दोन टोकांच्या मधली अवस्था आज २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, म्हणजे अटलांटिस-२ डोहापाशी, आहे. शिवाय तळाचा आकार बंद कुंडासारखा असावा लागतो, आणि तो येथील भूकवचाच्या तुटक ताणातून मिळाला. वर्षाला एक-दीड सेंटीमीटर इतकी प्रसरणाची संथ गतीही येथे उपयोगी पडली असावी, कारण वेगाने उघडणाऱ्या पर्वतरांगांवर खोल बंदिस्त खळगे फारसे टिकत नाहीत.

राजस्थानातील अरवली प्रदेशात रामपुरा-आगुचा आणि राजपुरा-दरिबा येथे जस्त-शिशाचे जे मोठे साठे आहेत, त्यांचा उगमही प्राचीन खचदरीच्या तळाशी साचलेल्या धातुयुक्त गाळातून झाला, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात. तेथील खडक दाब आणि उष्णतेने इतके रूपांतरित झाले आहेत की मूळ लवणजलाच्या खुणा शोधणे कठीण जाते, आणि म्हणूनच तांबड्या समुद्रातील मोजमापांचा त्यांना आधार घ्यावा लागतो. भारताने २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार करून हिंदी महासागरातील पर्वतरांगांवर सल्फाइड शोधण्याचे जे काम हाती घेतले आणि ज्यात गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचा मोठा वाटा आहे, त्याची जात मात्र वेगळी आहे. त्या रांगांवर मिठाचे थर नाहीत, त्यामुळे तेथे अटलांटिस-२सारखा एकसंध साठा अपेक्षित धरता येत नाही. तेथे सल्फाइडचे विखुरलेले ढीग शोधावे लागतात.

हा गाळ वर काढण्याचा प्रयत्न १९७९ मध्ये झाला. सौदी अरेबिया आणि सुदान यांच्या संयुक्त आयोगासाठी जर्मनीच्या प्रॉयसाग कंपनीने ‘सेडको-४४५’ या नौकेवरून लांब नळ सोडून, गाळ लवणजलातच सैल करून, दोन हजार मीटरांवरून तो यशस्वीपणे उपसला. तंत्र चालले, व्यवहार जुळला नाही. कण अतिशय बारीक असल्याने धातू वेगळे करणे खर्चाचे होते आणि उरलेला खारट, धातुयुक्त चोथा प्रवाळांनी भरलेल्या समुद्रात परत सोडण्याचा प्रश्न होताच. २०१० मध्ये ३० वर्षांचा नवा परवाना दिला गेला, परंतु व्यापारी उत्खनन सुरू झालेले नाही.

दरम्यान डोहाचे भवितव्य भूवैज्ञानिक घडामोडींच्या हाती आहे. झरे बंद पडून लवणजल पातळ झाले, तर प्राणवायू आत शिरेल आणि वरचे सल्फाइड गंजून त्यातील बराच धातू पुन्हा समुद्रात जाईल. उलट काठावरचे मीठ आणखी पुढे सरकले आणि डोहावर पसरले, तर खालचा गाळ हवाबंद होऊन लाखो वर्षे तसाच राहू शकेल. ऑगुस्टिन यांचे म्हणणे बरोबर असेल, तर मध्यअक्षावरच्या दोन डोहांमधल्या, आज मिठाखाली दडलेल्या पट्ट्यांत असे जुने गाळ आधीच पुरले गेले असण्याची शक्यता आहे, आणि त्यांचा माग घ्यायचा तर मिठाच्या थरातून पार बेसॉल्टपर्यंत छिद्रे पाडावी लागतील.